भिकाशेठच्या प्लेटा

आमच्या आळीच्या व्यायामशाळेत लोखंड उचलणं म्हणजे भिकाशेठला उचलणं. मी गमतीने म्हणत नाही. तिथल्या प्रत्येक प्लेटवर ओतीव अक्षरांत 'कै. भिकाशेठ यांच्या स्मरणार्थ' असं गोल फिरवून लिहिलं होतं आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, दान देणाऱ्या चिरंजीवांचं नाव, सुरेशशेठ. किलोचा आकडा कुठेतरी मधल्या भोकाजवळ, जागा उरली तेवढ्यात कोंबलेला. त्यामुळे पोरं आकड्यांत बोलतच नसत. "आज किती?" असं विचारलं की उत्तर यायचं, "एका बाजूला दोन भिकाशेठ आणि एक पोरगा." पोरगा म्हणजे लहान प्लेट. जिवंतपणी ज्या माणसाला आळीत कोणी चहाला बोलावत नव्हतं, त्याला मेल्यानंतर आळीतली तरणी पोरं रोज संध्याकाळी छातीशी धरत होती. असं भाग्य फार थोड्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला येतं.

भिकाशेठ हा होळी नावाच्या आमच्या बाजारपेठेतला व्यापारी. आमच्या बाजूच्या वाडीवाल्यांची केळी, वांगी, दुधी, सगळं त्याच्या काट्यावरून पुढे जायचं. दादा, म्हणजे माझे वडील (त्यांचे धाकटे भाऊ त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्ही पोरंही दादाच म्हणायचो), माल घरी मोजल्याशिवाय बाहेर काढत नसत. त्यासाठी घरात स्वतःचा काटा होता आणि सरकारी छाप मारून आणलेली लोखंडी वजनं होती. ती आईच्या पलंगाखाली गोणपाटावर ओळीने मांडलेली असत, दुसऱ्यांच्या घरात चांदीची भांडी असतात तशी. घरी भरलेलं माप भिकाशेठच्या काट्यावर कधी म्हणजे कधीच भरलं नाही. दादांनी विचारलं की तो तोंडातलं पान या गालातून त्या गालात सरकवायचा आणि म्हणायचा, "वाटेत सुकतं हो." आमच्या घरापासून बाजार सायकलवर टांग टाकली की आला. तेवढ्या वाटेत दुधी सुकायचा. दादा रोज जेवताना भिकाशेठला शिव्या घालत आणि रोज सकाळी त्याच्याकडेच माल नेत, कारण बाजारातला दुसरा व्यापारी त्याचा सख्खा मेव्हणा होता.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती बोली जशीच्या तशी कागदावर उतरवली तर तुम्हाला दर दुसऱ्या शब्दाला माझा हात धरून चालावं लागेल, म्हणून इथे सगळ्यांना शाळेतल्या मराठीत बोलायला लावतो आहे. दादांना हे आवडलं नसतं. शाळेतलं काहीच त्यांना फारसं आवडत नसे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. हे मी या पुस्तकात आधीही सांगितलं आहे आणि पुढेही सांगणार आहे. ज्याला कंटाळा येईल त्याने ती ओळ गाळून वाचावी, पण पदवी गाळता येणार नाही.

त्या घराची सकाळ विहिरीवरच्या पंपाने व्हायची. आधी एक खोकला, मग धडधड, मग पाटातून केळीच्या बुंध्यांकडे पळणाऱ्या पाण्याचा आवाज. थोड्या वेळाने शेतांपलीकडच्या चर्चची घंटा. त्या घंटेवर आई चुलीवर दुसरा तवा ठेवायची. तांदळाची भाकरी, कधी सुकटीचं कालवण, कधी वालाचं बिरडं, आणि केळफुलाची भाजी तर इतक्या वेळा की आजही हॉटेलात कोणी ती कौतुकाने मागवली तर मला त्या माणसाबद्दल शंका येते. भाकरी खाऊन चुलतभाऊ नंदू वाडीत उतरायचा आणि लोंगर, म्हणजे केळीचा अख्खा घड, एका दमात खांद्यावर टाकून बांधावर आणायचा. एका खांद्यावर एक, कधी दोन्ही खांद्यांवर दोन. मी त्याच वेळी इस्त्रीच्या शर्टात, काखेत वह्या धरून, त्याच बांधावरून कॉलेजला निघायचो. बांध अरुंद. दोघांपैकी एकाने खाली चिखलात उतरणं भाग होतं. रोज मी उतरायचो. काका ओट्यावरून म्हणायचे, "दादा, तुझा मुलगापण ओझं वाहतो हो. कागदाचं." दादा हसायचे नाहीत, पण त्यांचा चेहरा पडलेला मला दिसायचा.

एक दिवस मी लोंगर उचलायला गेलो. लोंगर मला घेऊन पाटात पडला. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना दादांनी निकाल दिला.

"पुरे झालं कॉलेज. दोन वर्षं शिकलास, वजन कमी झालं. तिसरं शिकलास तर दिसेनासा होशील."

"शेवटचं वर्ष आहे दादा. त्याशिवाय पदवी मिळत नाही."

"पदवी खांद्यावर घेता येते का?"

"येते," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "ती घेऊन माणूस खुर्चीत बसतो. तुम्हाला खुर्ची माहीत नाही म्हणून."

आई कधी शाळेत गेली नव्हती, पण खुर्चीचं महत्त्व तिला घरात सगळ्यांत आधी कळलं होतं. दादा बराच वेळ माशाचा काटा शोधत बसले. मग म्हणाले, "हनुमान जयंतीला शंभरी कर. सगळ्यांसमोर. केलीस तर तुझं शेवटचं वर्ष. नाही केलीस तर वह्या माळ्यावर आणि तू वाडीत."

शंभरी हे आमच्या आळीचं प्रकरण समजावून सांगायला हवं. हनुमान जयंतीला व्यायामशाळेत मारुतीसमोर रॉड ठेवत. ज्याने जमिनीवरून शंभर किलो उचलून कमरेपर्यंत आणले आणि तो ताठ उभा राहिला, त्याची शंभरी झाली. त्याला वस्तादांच्या हातून नारळ मिळायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान मिळायचा. पुढचा दांडा धरलेल्या मुलाला त्याच वर्षी मुली सांगून येत. मागचा दांडा धरणाऱ्यांना नंतर, उरलेल्या. परीक्षा नापास झालेला मुलगा आळीत चालत असे. शंभरी नापास झालेल्या मुलाला मात्र लग्नाच्या पंगतीत वाढायलासुद्धा घेत नसत, भाताचं पातेलं सांडेल म्हणून. नंदूची एकशेवीस झाली होती. तो वर्षभर बनियनमध्येच फिरायचा, थंडीतही.

माझं तारण आग्नेलने केलं. हा माझा कॉलेजातला दोस्त, शेजारच्या गावचा. त्याच्या मामाने आखातातून येताना एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं, नवशिक्याने रॉड घेऊन ताकद कशी वाढवावी याचं. आग्नेलला त्यातली चित्रं आवडायची, मजकूर माझ्या वाट्याला आला. पुस्तकाचं म्हणणं साधं होतं. मोजकेच व्यायाम करा. रॉड खांद्यावर घेऊन बैठक मारा, जमिनीवरून रॉड उचला, उताणं पडून ढकला, उभं राहून डोक्यावर न्या. हलक्यापासून सुरुवात करा. दर खेपेला थोडंसं, अगदी थोडंसं वजन वाढवा. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. भरपूर खा, भरपूर झोपा.

"एक दिवस काम, एक दिवस आराम?" दादा म्हणाले. "हे पुस्तक सरकारी नोकराने लिहिलंय."

व्यायामशाळेत तर विचारू नका. आमचे गोविंद वस्ताद कधीकाळी एका गिरणीच्या दारावर पहारेकरी होते आणि व्यायामशाळेतही ते मुख्यतः दारच राखायचे. त्यांची शिकवण तीन वाक्यांची होती. श्वास सोडू नको. हिंमत सोडू नको. चपला आत आणू नको. बाकी ज्याचं त्याने बघून शिकायचं, आणि बघायला होतं काय? आरशासमोर दंड फुगवणारी पोरं. छाती आणि दंड सोडून शरीराला आणखी भाग असतात हे तिथे कुणाच्या कानावर गेलं नव्हतं. कमरेच्या वर वड आणि कमरेच्या खाली शेवग्याची शेंग. म्हणून तर लग्नात सगळे ढगळ पँटी घालायचे. मी पहिल्या दिवशी नुसता रिकामा रॉड खांद्यावर घेऊन बैठका मारायला लागलो, तेव्हा सगळी व्यायामशाळा काम सोडून गोळा झाली.

"काय रे पदवीधर, रॉड वाळत घालतोस काय?"

"पुस्तकात असंच लिहिलंय. रिकाम्यापासून सुरू करायचं."

"पुस्तकात लिहिलंय!" नंदू म्हणाला. "मग पुस्तकच उचल ना. झेपेल."

वस्तादांनी लांबून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बैठका मारायच्या तर लोखंड कशाला? आणि लोखंड घ्यायचं तर बैठका कशाला?" यावर सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या आळीत न कळलेल्या वाक्याला फार मान होता.

माझा भाचा हल्ली विरारला चंदनसारला राहतो. तिथल्या एसी जिमला जातो. काचेच्या भिंती, गाणी, डब्यातली पावडर, कमरेला चामडी पट्टा. मागे मला मोठ्या अभिमानाने दाखवायला घेऊन गेला. मी पायांकडे पाहिलं. तीच शेवग्याची शेंग. काळ बदलतो म्हणतात, तो कमरेपर्यंतच बदलतो.

तर मी एक दिवसाआड जात राहिलो. खाण्याची बाब आईने हातात घेतली. पुस्तकात मांस, अंडी आणि दूध लिहिलं होतं. आईने त्याचं भाषांतर बोंबील, अंडी आणि केळी असं केलं. केळ्यांना आमच्याकडे मरण नव्हतं. बाजारात न चाललेली प्रत्येक फणी माझ्यासमोर यायची. "सुजेल तो," आत्या म्हणायची. "सुजू दे," आई म्हणायची, "बाकीची आपोआप सुजलीत, हा मेहनतीने तरी सुजेल." हिवाळा सरेपर्यंत मी चक्क भरलो. बांधावर नंदू समोरून आला की आता आम्ही दोघंही थांबायचो आणि लोंगराला वाटायचं की आज भांडण होणार.

अडचण एकच होती. पुस्तक म्हणायचं थोडंसं वाढवा, आणि व्यायामशाळेतली सगळ्यांत लहान प्लेट पाच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की एकदम दहा. हे म्हणजे बाराखडीनंतर थेट ज्ञानेश्वरी. म्हणून मी आईला पटवलं आणि दादा वाडीत असताना तिने पलंगाखालची अर्धा किलोची, किलोची वजनं मला काढून दिली. ती मी सुंभाने रॉडच्या टोकांना बांधायचो. वजनांना वर कडी असायची, ते बरं होतं. पोरं म्हणायची, "आला रे आला भाजीवाला, दुधी कसा दिला?" हसू दिलं. माझं लोखंड महिन्यामहिन्याने वाढत होतं आणि त्यांचं फक्त हसणं वाढत होतं. चैत्र जवळ आला तसा मी भिकाशेठच्या चार मोठ्या प्लेटा लावून रॉड जमिनीवरून उचलायला लागलो होतो. रॉड वीस, प्लेटा वीस-वीसच्या चार. झाले शंभर. सगळ्यांसमोर नव्हते, पण झाले होते. मी घरी जाऊन वह्यांना नवीन कव्हरं घातली.

आणि मग एक संध्याकाळ. नंदूने एक मोठी प्लेट पोटावर ठेवून पोटाचा काहीतरी व्यायाम चालवला होता. वीसची प्लेट माझ्या डाव्या बाजूला कमी पडली. देत नाही म्हणाला. मी घरून दहा-दहाची दोन वजनं सायकलवर आणली आणि डावीकडे बांधली. उचलायला गेलो तर उजवीकडचा भिकाशेठ टुणकन वर आला आणि डावी बाजू जमिनीला चिकटून राहिली. मला वाटलं, डावा हात कच्चा आहे. काही दिवस मी फक्त डाव्या हाताने पाण्याच्या बादल्या काढल्या, डाव्या हाताने जेवायला बसलो तर आईने उलथनं उगारलं. पुन्हा एकदा तशीच वेळ आली तेव्हा वजनं उजवीकडे बांधली. आता उजवी बाजू चिकटली. म्हणजे माझे दोन्ही हात कच्चे, पण पाळीपाळीने. हे पुस्तकात कुठेच नव्हतं.

मी कॉमर्सचा विद्यार्थी. विज्ञान मला फारसं कळत नाही, पण तागडी कळते. एक प्लेट गोणपाटात गुंडाळून घरी आणली आणि दादांच्या काट्यावर ठेवली. एका पारड्यात भिकाशेठ, दुसऱ्यात छापाची वीस किलो. भिकाशेठ आढ्याकडे गेला. आई दारात तांदूळ निवडत होती. मी एकेक किलो काढत गेलो. तीन काढले तेव्हा काटा मध्यावर आला.

"आई, हा सतराचा आहे."

"कोण?"

"भिकाशेठ. वीस लिहिलंय आणि सतरा भरतोय."

आईने सूप खाली ठेवलं. उठून आली, काट्याकडे बघितलं, प्लेटवरचं नाव बोटाने चाचपलं. तिला वाचता येत नव्हतं पण ते नाव कसं दिसतं ते माहीत होतं. आणि मग ती जी हसायला लागली, ती पदराने डोळे पुसेपर्यंत थांबली नाही. "मेला, मेल्यावरपण," एवढंच तिला बोलता आलं.

मला हसू येत नव्हतं. मी डोक्यात बेरीज केली होती. शंभर म्हणून मी जे उचलत होतो ते अठ्ठ्याऐंशी होते.

"आता काय करू?"

"काय करू म्हणजे? जयंतीला ते जे आहे ते उचल, नारळ घे, कॉलेजला जा. आणि तोंड बंद ठेव."

"पण ते शंभर नाहीत."

"नंदूचे होते का? कोणाचे होते? देवाच्या दारात सगळे तेच उचलतात. तुला एकट्याला कशाला खरं वजन पाहिजे?"

आग्नेलही तेच म्हणाला, अधिक शिव्या घालून. "गप उचल रे. पास व्हायचंय ना? पेपर सोपा निघाला तर कोणी बाईंना सांगतं का?" दोघांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. खरे शंभर मी कधी उचललेले नव्हते. उचलता येतील की नाही मला माहीत नव्हतं. आले नाहीत तर शेवटचं वर्ष गेलं. पण मी जन्मभर ज्या घरात भिकाशेठच्या मापाला शिव्या ऐकत भाकरी खाल्ली, त्याच घरात भिकाशेठच्या मापाने पदवीधर व्हायचं? आणि खरं सांगायचं तर सत्याची फार चाड होती असंही नाही. मला गर्व होता. माझी शंभरी नंदूच्या शंभरीसारखी हलकी निघावी हे मला सहन होत नव्हतं. पुण्यवान माणसांनी याला तत्त्व म्हटलं असतं.

हनुमान जयंतीला व्यायामशाळेला पताका, शेंदराचा वास, सुंठवडा, कर्ण्यावर आरत्या. सुरेशशेठ पांढऱ्या सफारीत पुढच्या खुर्चीवर. त्या काळात त्याला निवडणुकीचे डोहाळे लागले होते, त्यामुळे जिथे चार माणसं उभी तिथे याची खुर्ची. तो दर पोराच्या शंभरीनंतर उठून टाळ्या वाजवायचा आणि म्हणायचा, "हे वडिलांचे आशीर्वाद." आशीर्वाद होतेच, प्रत्येक प्लेटमागे तीन किलोचे. दादा मागे, खांबाला टेकून उभे होते. माझं नाव पुकारलं. मी गोणपाट ओढत पुढे आलो.

"हे काय?" वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, या रॉडवर शंभर नाहीत. बारा कमी आहेत. मी भरून घेतो आणि मग उचलतो."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सुरेशशेठला कळलं. "काय बोलतोस रे? माझ्या वडिलांच्या नावाची प्लेट आहे ती! वालीवच्या कारखान्यात स्पेशल ओतून घेतलीय!"

"नाव पूर्ण आहे शेठ. लोखंड कमी आहे."

"मारुतीसमोर तराजू चालत नाही," वस्तादांनी त्यांचा चौथा नियम तिथल्या तिथे तयार केला.

तेवढ्यात दादा गर्दीतून पुढे आले. मला वाटलं, कान धरून घरी नेतात. ते माझ्याकडे बघेनात. खाली बसले, गोणपाटातलं एकेक वजन काढून उलटं करून छाप बघायला लागले. दहाचं बघितलं, दुसरं दहाचं बघितलं, पाचाचं, दोनाचं, किलोची. शेवटचं बघून झालं तेव्हा त्यांनी श्वास सोडला, आणि त्यांचा तो वाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा आवाज बाहेर आला. "छाप यंदाची आहे. ज्याला बघायची त्याने बघावी. टांगा!"

मल्लखांबाचा दोर आढ्याला होताच. मी रिकामा रॉड बरोबर मध्यावर त्याला बांधला. एका टोकाला भिकाशेठ, दुसऱ्या टोकाला छापाची वीस किलो. हात सोडला. भिकाशेठ मारुतीच्या डोक्यापर्यंत वर गेला आणि तिथे सावकाश गोल फिरत राहिला, सगळ्या आळीला आपलं नाव वाचता यावं असा. कर्ण्यावर आरती चालूच होती.

"वाटेत सुकलं असेल हो शेठ," दादा म्हणाले.

वाडीवाले जे हसले! म्हातारे, बाया, ज्यांच्या दुध्यांना पिढीभर वाटेत ऊन लागलं होतं ते सगळे. पण ते हसणं फार टिकलं नाही. कारण मी तीन किलो काढून रॉड आडवा केला, आणि त्याबरोबर सगळ्या पोरांच्या तोंडावर एक हिशेब सुरू झाला. नंदूची बोटं हललेली मी पाहिली. एकशेवीसचे चार भिकाशेठ, चार त्रिक बारा, वर पोरगे किती सुकले ते वेगळंच. पुढच्या दांड्याचे जेवढे मानकरी होते तेवढ्यांच्या बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. आणि मग आळीला राग आला. तुम्हाला वाटेल सुरेशशेठचा. छे! माझा. "तुझ्या पोटात का दुखतं रे?" "दोन बुकं शिकला तर देवाला मापायला निघाला!" "आमच्या शंभरीला हात लावतोस?" म्हातारे वेगळ्याच आनंदात, "आमच्या वेळी दगड होता, दगड सुकत नसतो," असं एकमेकांना सांगत होते. सुरेशशेठ वालीवच्या कारखानदाराला शिव्या घालत होता. त्याने फसवलं की यानेच कमी ओतायला सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. दोघांनाही ती अक्कल होती.

या गोंधळात मी रॉड सोडवला, खाली ठेवला, चार प्लेटा चढवल्या, दोन्ही टोकांना सहा-सहा किलो सुंभाने बांधले. कोणी बघत नव्हतं. खाली वाकलो. पहिल्या ओढीला काहीच हललं नाही, जणू रॉडला जमिनीत मुळं होती. दुसऱ्या ओढीला डोळ्यांसमोर केळीच्या पानांसारखं काहीतरी हिरवं आलं, पाठीतून कुठूनतरी आवाज आला, आणि रॉड गुडघ्यावर आला. मग कमरेला. मी ताठ उभा राहिलो आणि इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. फक्त मारुती आणि दादा बघत होते, आणि मारुती साक्षीला येत नाही.

"वस्ताद!" मी ओरडलो. रॉड खाली पडला तेव्हा त्यांनी मान वळवली.

"मी पाहिलं नाही. पुन्हा उचल."

पुन्हा मला माझा हातही उचलत नव्हता. "तसंही," वस्ताद म्हणाले, "दोरीने बांधलेलं वजन नियमात बसत नाही." नारळ मिळाला नाही. पालखी निघाली, नेहमीचेच मानकरी पुढच्या दांड्याला. आणि पुढच्याच बैठकीत व्यायामशाळेने एकमताने ठराव केला की या व्यायामशाळेत किलो म्हणजे प्लेटवर लिहिलेला किलो, बाहेरचा नव्हे. पुढे नोकरीत मी याहून मोठ्या खुर्च्यांनी केलेले याहून मोठे ठराव पाहिले. मला कधी नवल वाटलं नाही.

आम्ही बांधावरून घरी निघालो. दादांनी वजनांचं गोणपाट माझ्या हातातून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं आणि ते मधूनच एकटे हसत होते. मला हसायचं सुचत नव्हतं. ज्यासाठी सगळा हिवाळा लोखंड वाहिलं, ते झालं की नाही हेच कळत नव्हतं.

"दादा, उचललं ना मी?"

"उचललंस."

"खरे शंभर होते."

"होते."

"मग शेवटचं वर्ष?"

दादांनी गोणपाट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. म्हणाले, "ही आईच्या पलंगाखालचीच ना वजनं?"

"मग कुठली असणार? तुम्ही छाप बघितलीत की."

"बघितली. तरी विचारलं. माळ्यावरचा डबा नाही ना उघडलास?"

"माळ्यावर कसली वजनं आहेत?"

"ती वेगळी. बिल्डिंगीतल्या बायकांना विकायला जातो तेव्हाची," दादा बोलून गेले, आणि मोठ्याने खोकले.

त्या वर्षी स्टेशनकडे नव्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि दादा आठवड्यातून दोनदा तिथे टोपली घेऊन बसायचे. तिथल्या बायका भावासाठी तासभर भांडतात आणि काट्याकडे ढुंकून बघत नाहीत, असं ते कौतुकाने सांगायचे. मी बांधावरच थांबलो. दादा थांबले नाहीत, उलट त्यांची चाल वाढली.

"दादा, त्या वजनांवर छाप आहे?"

"कॉलेज कधी उघडतं तुझं?"

"जूनमध्ये."

"त्याच्या आधी जाता येत नाही का?"